राग, घाई आणि हृदय



कुणाला हृदयविकाराचा झटका आला की आपण म्हणतो, "फार टेन्शन घ्यायचे हो ते!" या म्हणण्यात तथ्य किती, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे डॉ. मेयर फ्रीडमन व डॉ. रे रोझेनमन यांचा दवाखाना होता. तेथील खुर्च्यांच्या गाद्या दुरुस्त करावयास आलेल्या कारागिराच्या एक गोष्ट ध्यानात आली. खुर्च्या फक्त पुढच्या कडेला झिजल्या होत्या! रोगी जणू उठण्याच्या तयारीतच बसत. पुढे १९५९ साली या दोघांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. सदैव घाई, चढाओढ, चटकन येणारा संताप, अशा स्वभावाला 'टाइप ए' हे नाव पडले. सुमारे ३,१५० पुरुषांवर साडेआठ वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा अशा लोकांत हृदयविकाराचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळले.

परंतु नंतरच्या अनेक पाहण्यांत हा संबंध तितका टिकला नाही. घाई व मेहनत मागे पडली. अधिक संशय उरला तो रागावर आणि इतरांविषयी मनात धरलेल्या अढीवर. दीर्घकाळची खिन्नताही त्यात आली. संतापात नाडी व रक्तदाब वाढतो, रक्तवाहिन्या आकसतात, रक्त गोठण्याकडे झुकते. आधीच रोगट असलेल्या हृदयाला हे झेपत नाही.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, अभ्यासाच्या कष्टांनी हृदय बिघडते असे समजू नका. आणि पालकहो, निकालाच्या दिवशी घरात जो आरडाओरडा होतो, त्याने मुलाचे गुण वाढत नाहीत. आपला रक्तदाब मात्र वाढतो.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. 'टाइप ए'च्या संशोधनाला फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने भरपूर पैसा पुरविला होता. दोष स्वभावावर गेला की सिगारेट सुटली! धंदेवाईक माणसे ती, त्यांचा हिशेब पक्का. आपल्याकडेही बिडी ओढणारा गृहस्थ "आमचा स्वभावच तापट" म्हणून मोकळा होतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांच्या पाहणीत, ज्यात भारतही होता, मानसिक ताण हे हृदयविकाराचे एक महत्त्वाचे कारण ठरले खरे. पण तंबाखू आणि रक्तातील बिघडलेली चरबी ही दोन कारणे त्याच्याही पुढे होती. रक्तदाब व मधुमेहही त्या यादीत आहेत.

स्वभाव बदलावयास वर्षे लागतील. रक्तदाब मोजावयास पाच मिनिटे पुरतात, आणि घरातील कर्त्या पुरुषांनी व भगिनींनी तो या महिन्यातच मोजून घ्यावा, अशी माझी विनंती आहे.