शेवटचा हात फिरवताना



गाणं रेकॉर्ड झालं, त्याचं मिक्सिंग झालं, आणि आता ते लोकांच्या कानापर्यंत जाणार. या मधल्या टप्प्यावर जे काम होतं त्याला मास्टरिंग म्हणतात. आज त्या कामासाठी बनवलेल्या एका इलेक्ट्रॉनिक पेटीबद्दल बोलायचं आहे. सभागृहात गाणारे, वाजवणारे, घरच्या खोलीत रेकॉर्डिंग करणारे बरेच जण दिसताहेत, म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ही पेटी उत्तम आहे. पण तिच्याकडून थोडंच मागावं, आणि तिनं जे दिलं ते मूळ मिक्सशेजारी, सारख्याच आवाजात लावून तपासावं. यातला दुसरा भाग जवळजवळ कुणीच पाळत नाही.

मास्टरिंग करणारा माणूस मुळात तबकडी कापणारा. 1948 साली लाँग प्लेइंग तबकडी आली. तिच्या खाचेत खर्जाचा आवाज जास्त भरला की खाच आडवी पसरते, जागा खाते, सुई उडण्याची भीती असते. एका बाजूला वीसबावीस मिनिटं संगीत बसवायचं तर आवाज किती मोठा ठेवायचा याचा हिशेब करावाच लागे. ‘स’ आणि ‘श’ फार टोकदार असले तर सुईला ते झेपत नसत. म्हणून त्या माणसाच्या हाताशी आवाजाचे उंचवटे दाबणारा काँप्रेसर आणि ठरलेल्या रेषेपुढे आवाज जाऊ न देणारा लिमिटर असे. त्याचं काम संरक्षणाचं होतं. गाणं खाचेत सुखरूप उतरावं, एवढंच.

1982 साली सीडी आली आणि खाचेचा प्रश्न संपला. तिथे दुसरीच मर्यादा आली. डिजिटल ध्वनीत सगळ्यात मोठ्या आकड्याच्या वर आकडाच नसतो. लाट त्याच्यापुढे गेली की तिचा माथा सपाट कापला जातो. ही कमाल रेषा सगळ्यांसाठी सारखीच. तेव्हा रेषेखालच्या जागेत आपलं गाणं शेजारच्यापेक्षा मोठं कसं वाजेल, अशी चढाओढ सुरू झाली.

या चढाओढीच्या काळात, 1996 साली, डेन्मार्कमधल्या टीसी इलेक्ट्रॉनिक या कंपनीनं ‘फायनलायझर’ बाजारात आणला. रॅकमध्ये जेमतेम साडेचार सेंटिमीटर उंचीची जागा घेणारी पेटी. तिच्यात इक्वलायझर, तीन पट्ट्यांचा काँप्रेसर, लिमिटर, स्टिरिओची रुंदी कमीजास्त करण्याची सोय, कन्व्हर्टर, आणि शेवटी सीडीच्या सोळा बिटांवर उतरताना लागणारी डिदर नावाची बारीक खरखर, असं सगळं एकत्र होतं. पट्ट्यांमध्ये विभागून आवाज दाबण्याची युक्ती या कंपनीच्या ‘एम 5000’ या मोठ्या आणि महागड्या यंत्रात आधीपासून होती. आता ती छोट्या स्टुडिओच्या आवाक्यात आली. शिवाय ‘विझार्ड’ नावाची सोय होती. संगीत कोणत्या प्रकारचं आहे आणि प्रक्रिया किती हवी हे सांगितलं की पेटी गाणं ऐकून मांडणी स्वतःच सुचवी.

ही लोकशाही मला मनापासून आवडते. त्याआधी मास्टरिंग ही मोजक्या खोल्यांची मिरास होती. पण खोल्या आणि त्यांतले कान या पेटीबरोबर आले नाहीत, हेही तितकंच खरं आहे. कंपनीलाही ते कळत असावं. बॉब कॅट्झ या नामांकित मास्टरिंग इंजिनिअरकडून तिनं या विषयावर एक पुस्तिका लिहून घेतली. कोणतं बटन कुठे आहे ते सांगून ती थांबत नाही. कसं ऐकावं आणि कधी हात आवरावा, यावर तिचा भर आहे.

आता पेटीच्या आत जाऊ. साध्या काँप्रेसरला एकच कान असतो. तो सगळा आवाज एकत्र ऐकतो आणि ठरावीक पातळी ओलांडली की सगळंच खाली ओढतो. तबल्याचा बायाँ जोरात घुमला तर गायिकेचा आवाजही त्याच्याबरोबर खाली जातो आणि बायाँ विरला की वर येतो. हे टाळण्यासाठी आवाजाचे तीन भाग, म्हणजेच पट्टे, करायचे, खालचा, मधला, वरचा, आणि प्रत्येकाला वेगळा काँप्रेसर लावायचा. बायाँ खालच्या भागात दाबला जाईल, गळ्याला धक्का लागणार नाही. कल्पना सुंदर आहे.

तरीही आपल्या संगीतात ती कुठे दगा देते ते बघा. समजा गायिका काळी चारमध्ये गाते आहे. तिचा मध्य सप्तकातला षड्ज साधारण 208 हर्ट्‌झवर आणि शुद्ध गंधार 260 च्या आसपास. खालच्या आणि मधल्या भागाची सीमा तुम्ही 250 वर ठेवलीत, तर एकाच आलापीत षड्जाची मूळ कंपनं एका काँप्रेसरकडे आणि गंधाराची दुसऱ्याकडे जातात. दोन्हींची मांडणी वेगळी असेल तर षड्जावर आवाज भरदार आणि गंधारावर पातळ, असं होऊ लागतं. मींड घेताना तर आवाजाचा पोत वाटेतच बदलतो. श्रोत्याला कारण कळत नाही, पण गळा कुठेतरी खोटा वाटायला लागतो. अशा रेकॉर्डिंगमध्ये मी सीमा 120 हर्ट्‌झच्या आसपास आणतो. तिचा मंद्र पंचमसुद्धा 156 च्या जवळ असतो, म्हणजे गळा जवळजवळ पूर्णपणे सीमेच्या वर राहतो आणि खाली उरतो तो मुख्यतः बायाँचा घुमारा. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा षड्ज 138 च्या आसपास आणि मंद्र पंचम त्याच्याही बराच खाली. तिथे मी अनेकदा तीन भागांचा नाद सोडून एकच काँप्रेसर हलका लावतो, किंवा लावतच नाही.

दुसरी गोष्ट तानपुऱ्याची. काँप्रेसरमध्ये ‘रिलीज’ नावाचं एक माप असतं. दाबलेला आवाज किती वेळात मोकळा सोडायचा ते त्यावर ठरतं. ते फार झटपट ठेवलं तर गायक थांबताक्षणी तानपुरा फुगून वर येतो आणि पुढचा सूर लागला की पुन्हा खाली दबतो. तानपुरा हा बैठकीचा स्थिर पाया. तो हलला तर वरचं गाणं कितीही चांगलं असो, बैठक मोडते. रॉक संगीतात हाच चढउतार कधी कधी मुद्दाम हवा असतो, त्यानं ताल उसळता वाटतो. विझार्डनं सुचवलेली मांडणी आंधळेपणानं घेऊ नका असं मी म्हणतो ते यासाठी. पेटीला पातळी कळते, तानपुऱ्याचं बैठकीतलं स्थान कळत नाही.

मांडणीबद्दल नेहमी विचारलं जातं, म्हणून आकडे देतो, पण ते सुरुवातीपुरतेच धरा. काँप्रेसरचं प्रमाण दीडास एक किंवा त्याहून सौम्य. मीटरचा काटा सगळ्यात मोठ्या जागी एकदोन डेसिबलच हलावा. ‘अटॅक’ (आवाज दाबला जायला लागणारा वेळ) तीस मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे तबल्याच्या चाटीचा पहिला टणत्कार निसटून जाईल आणि मागचा नाद आवरला जाईल. इक्वलायझरमध्ये अर्धा-एक डेसिबल, तोही रुंद पसरलेला. तीन डेसिबल वाढवण्याची गरज वाटली, तर दुरुस्ती मिक्समध्ये जाऊन करा. लिमिटरची कमाल रेषा शून्यावर न ठेवता उणे एक डेसिबलवर ठेवा. पुढे एमपी 3 किंवा तशा रूपात फाइल बदलताना लाट आकड्यांच्या मधल्या जागेत उसळी घेते, तिला जागा लागते. डिदर एकदाच, सगळ्यात शेवटी. पेटी डिजिटल तारेनं जोडली असेल तर घड्याळाचा ताबा एकाच यंत्राकडे द्या, नाहीतर गाण्यात बारीक टिकटिक येते. रुंदीचं बटन बेतानं वापरा. मंडपातले कर्णे आणि खिशातले कितीतरी फोन एकाच वाहिनीचा आवाज देतात आणि कृत्रिमपणे पसरवलेलं तिथे विरून जातं.

जे मिक्समध्ये बिघडलं आहे ते इथे सुधारत नाही. कपड्याला इस्त्री करता येते, पण उसवलेली शिवण इस्त्रीनं जोडली जात नाही. पेटीकडे गाणं डाव्या-उजव्या अशा दोनच वाहिन्यांत येतं. ढोलकी मागे राहिली म्हणून तिचा पट्टा उचलावा, तर त्याच पट्ट्यातली हार्मोनियम आणि गळ्याची धारही उचलली जाते. याचंच एक उदाहरण. 2008 साली मेटॅलिका या रॉक बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम निघाला तेव्हा हजारो चाहत्यांनी तक्रार केली की आवाज चिरडलेला आहे. ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममध्ये तीच गाणी कमी दाबलेल्या रूपात होती आणि कानाला मोकळी वाटत होती. मास्टरिंग करणाऱ्या इंजिनिअरनं सांगितलं की मिक्स त्याच्याकडे आले तेव्हाच कापलेले होते. इतक्या मोठ्या बँडचं, इतक्या खर्चाचं काम, आणि शेवटच्या टेबलावर बसलेल्या जाणत्या माणसाच्या हातात करण्यासारखं फार काही उरलं नव्हतं.

आता पुन्हा सुरुवातीच्या मुद्द्याकडे, सारख्याच आवाजात लावून तपासण्याकडे. 1933 साली बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं की माणसाचा कान सगळ्या सुरांना सारखा संवेदनशील नसतो, आणि हा फरक आवाजाच्या पातळीनुसार बदलतो. हळू आवाजात खर्ज आणि अगदी वरचे सूर दबलेले ऐकू येतात. आवाज मोठा केला की ते उघडतात. म्हणून तेच गाणं एक डेसिबल मोठं लावलं तरी जास्त भरदार, जास्त स्पष्ट, जास्त ‘चांगलं’ वाटतं. मास्टरिंगच्या पेटीतून गाणं निघतं ते जवळजवळ नेहमीच आत गेल्यापेक्षा मोठं होऊन. तुम्ही बायपासचं, म्हणजे प्रक्रिया वगळून मूळ आवाज ऐकवणारं, बटन दाबता, आवाज लहान होतो, आणि मन निर्णय देऊन मोकळं होतं की प्रक्रियेनं गाणं सुधारलं. खरं तर ते मोठं झालं, एवढंच त्या क्षणी सिद्ध झालेलं असतं.

उपाय साधा आहे. प्रक्रिया केलेला आवाज तेवढाच खाली आणा, दोन्ही सारखे मोठे करा, आणि मग आलटूनपालटून ऐका. डोळे मिटून ऐकलंत तर फारच उत्तम. बरोबर बसलेल्याला बटन फिरवू द्या. असं केल्यावर कितीतरी वेळा मूळ मिक्सच जिंकतं. गळ्याचा श्वास, चाटीची धार, दोन ओळींमधली शांतता त्यात शाबूत असते. आणि जेव्हा प्रक्रिया केलेलं जिंकतं, तेव्हा ते खरोखर जिंकलेलं असतं, आणि त्या निर्णयावर तुम्ही निर्धास्त उभे राहू शकता. या पेटीवरचं सगळ्यात मोलाचं बटन मी बायपासचं मानतो.

मोठेपणाच्या चढाओढीचं कारणही आता बरंच संपलं आहे. 2010 साली युरोपच्या प्रसारण संघटनेनं आर 128 ही शिफारस काढली आणि कार्यक्रमांचा सरासरी मोठेपणा उणे 23 एलयूएफएसवर (हे कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचं एकक) आणायला सांगितलं. स्पॉटिफायसारख्या सेवा गाणी साधारण उणे 14 च्या आसपास आणून वाजवतात. तुम्ही गाणं चिरडून उणे 7 वर नेलंत, तर सेवा ते सात डेसिबल खाली ओढते. मोठेपणा गेला, चिरडणं मात्र राहिलं. शेजारी मोकळेपणानं मास्टर केलेलं गाणं वाजलं की तुमचं चपटं वाटतं. हे मी तरुण संगीतकारांना ऐकवून दाखवतो, कारण सांगून पटत नाही.

लोक विचारतात की संगणकात हे सगळं असताना पेटी कशाला? फायनलायझरच्या आतही सॉफ्टवेअरच आहे. ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्ह असलेल्या ॲनालॉग यंत्राचा जो स्वतःचा रंग असतो, तो यात शोधू नये. जुनी पेटी घेतली तर पडदा अंधूक झालेला असू शकतो, आणि पहिलं मॉडेल 48 किलोहर्ट्‌झच्या पुढे जात नाही. संगणकातलं प्लगइन सोयीचं आहे, हे मान्यच. तरी पेटीचा एक गुण मला मोठा वाटतो. पेटीतून गाणं काढायचं तर ते पूर्ण वाजवावं लागतं. साडेसहा मिनिटांचं गाणं साडेसहा मिनिटंच घेतं. त्या वेळात पडद्यावर लाटांची चित्रं नसतात, करायला दुसरं काही नसतं, गाणं ऐकणं भाग पडतं. संगणकात काही सेकंदांत फाइल तयार होते, आणि ती अथपासून इतिपर्यंत एकदाही न ऐकता लोकांपर्यंत जाते. प्लगइन वापरणाऱ्यांनी निदान ही शिस्त उचलावी.

शेवटी एक विनंती, विशेषतः भजनी मंडळं, लोककलावंत आणि स्वतःच्या पैशानं गाणी काढणाऱ्या तरुणांना. स्टुडिओतून बाहेर पडताना फक्त मास्टर केलेली फाइल घेऊन येऊ नका. लिमिटर न लावलेलं, वर पाचसहा डेसिबल मोकळी जागा सोडलेलं, चोवीस बिटी मिक्सही मागून घ्या. फाइलच्या नावात गाणं, कलाकार आणि तारीख लिहा, आणि दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. पैसे दिले आहेत, तो तुमचा हक्क आहे. पेटी आणि ऐकण्याची साधनं बदलत राहतील, आणि दहा वर्षांनी कुणी तुमचं गाणं नव्यानं मास्टर करायला घेईल तेव्हा त्याला याच फाइलची गरज पडेल.