दुखलं नाही, म्हणून बघितलं नाही

(मधुमेह आणि पायाच्या जखमा या विषयावर वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



आज पायांविषयी बोलायचं आहे म्हटल्यावर काहीजणी हसल्या. साहजिक आहे. बाईच्या आरोग्याबद्दल आपण इतकी वर्षं बोलतोय ते पाळी, बाळंतपण, गर्भपात, गर्भाशय काढून टाकणं यांबद्दल. ते बोलायलाच हवं होतं. पण गुडघ्याखालची बाई आपणही कधी नीट पाहिली नाही.

माझ्या कामातल्या एका मावशींची गोष्ट सांगते. चार घरची धुणीभांडी, वय पन्नाशीचं, साखरेचा आजार बारा वर्षांचा. नवरात्रात त्या नऊ दिवस अनवाणी राहायच्या. सातव्या दिवशी सुनेला फरशीवर ओले डाग दिसले. बघते तर सासूच्या तळव्यात काच रुतलेली. किती दिवसांपासून, ते मावशींनाही सांगता येईना. "अगं, दुखलं असतं तर बघितलं असतं की!" म्हणाल्या. मग हळद भरली. दसरा होऊ दे, पगार होऊ दे, असं करत दवाखाना गाठला तोवर दोन बोटं काळी पडली होती. ती काढावी लागली.

दवाखान्यात जो तो विचारी, "इतके दिवस काय करत होता?" मला या प्रश्नाचा फार राग आला. मावशी दर महिन्याला तिथूनच गोळ्या आणत होत्या. बारा वर्षांत एकदाही कुणी त्यांना चप्पल काढायला सांगितलं नव्हतं.

आता हे होतं कसं? साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसा खराब होतात. आधी मुंग्या येतात, रात्री तळवे जळजळतात. पुढे पाय बधिर होतात, आणि जळजळ थांबली म्हणून बाईला वाटतं, बरं झालं! पायाला घाम येईनासा होतो, टाचा कोरड्या पडून भेगाळतात. बोटं आखडतात, चालताना सगळा भार एकाच जागी येतो, तिथे घट्टा धरतो आणि घट्ट्याखाली कातडी आतल्या आत फुटते. त्यात पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर रक्त कमी पोचतं आणि जखम भरत नाही. तंबाखूने रक्तवाहिन्या आणखी बिघडतात. मिश्री म्हणजे तंबाखूच, हे आपल्या बायकांना अजून पटत नाही. ज्यांना पूर्वी एकदा जखम झाली आहे, ज्यांना नीट दिसत नाही, ज्यांची मूत्रपिंडं बिघडली आहेत, त्यांना धोका सर्वांत जास्त.

दुखणं ही शरीराची राखणदारीण आहे, हे आपल्या देशात कुष्ठरोगाच्या कामातून कळलं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवलं की कुष्ठरोग्याची बोटं आपोआप झडत नाहीत. बधिर झाल्यामुळे न कळलेल्या इजांनी ती जातात. मधुमेहातही तेच होतं. म्हणूनच मऊ एमसीआर रबराची चप्पल दोघांनाही देतात. पण "ही महारोग्याची चप्पल, मी नाही घालणार" असं म्हणणाऱ्या बाया मला भेटल्या आहेत. त्यांना हसू नका. ती चप्पल घालून त्यांना कामाच्या घरी जायचं असतं.

मधुमेह झालेल्यांपैकी दर तीन ते पाच जणांमागे एकाला आयुष्यात कधीतरी पायाला जखम होते. खरं सांगायचं तर अशा जखमा पुरुषांना जास्त होतात. मग मी बायकांविषयी का बोलतेय? कारण जखमेचा खरा उपचार म्हणजे नुसतं औषध नव्हे. त्या पायावर भार न टाकणं. आठवडेच्या आठवडे. नवऱ्याच्या पायाला जखम झाली की तो खाटेवर बसतो आणि बायको पाण्याचा तांब्या हातात देते. तिच्या पायाला झाली की ती प्लॅस्टिकची पिशवी बांधून मोरीत उभी राहते. चार दिवस खाडा झाला तर पगार कापला जातो, आठ दिवस झाला तर दुसरी बाई येते. "पाय टेकवू नका" असं डॉक्टर कागदावर लिहितात. ते कोणाच्या जिवावर, हे कोणी लिहीत नाही. तेव्हा जखमेच्या बाईला भरपगारी रजा, घरात पाणी भरायला दुसरं माणूस, हे आपल्या मागण्यांत आलं पाहिजे. आणि प्रत्येक मधुमेहीचे पाय वर्षातून एकदा तरी तपासलेच पाहिजेत, हे आपल्या दवाखान्यात ठणकावून सांगायला हवं. तो उपचाराचाच भाग आहे, मेहेरबानी नव्हे.

घरी करायचं ते साधं आहे. रोज रात्री तळवे बघायचे, वाकता येत नसेल तर आरशात, नाहीतर नातवाला बघायला सांगायचं. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. जोडवी रुतत असतील तर काढायची. कुरूप ब्लेडने कापायचं नाही, गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं नाही. घरातही चप्पल. देवीला चपलेचा राग येत असेल असं मला वाटत नाही. फोड, लाली, ओल, काळेपणा, काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

बधिरपणा ओळखायची एक सोपी रीत इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी काढली. यंत्र लागत नाही. बाईने डोळे मिटायचे. आपण तर्जनीचं टोक तिच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला, करंगळीला हलकेच टेकवायचं, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, चोळायचं नाही. दोन्ही पायांची मिळून सहा बोटं. कळलं की तिने "हो" म्हणायचं. दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर तो पाय जोखमीचा, तिला डॉक्टरकडे न्यायचं.

आपण थोरांच्या पाया पडतो, नवऱ्याचे पाय चेपतो. बाईचा पाय कुणी मांडीवर घेतलाय असं मी फारसं पाहिलेलं नाही. आता दोघी-दोघी समोरासमोर बसा. चपला बाजूला करा. ज्यांना साखर आहे त्यांनी आधी पाय पुढे करायचे.