हौद्यातले घर आणि दारावरचा आकडा



मिशिगन, ओहायो, ओंटारिओतून आलेल्या अभियंत्यांच्या अधिवेशनात अध्यक्षाने आपल्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तो मोडण्याची परवानगी मागतो. विजेवरच्या गाड्यांवर, स्वयंचलित वाहनांवर इथे दिवसभर सत्रे आहेत आणि माझ्यापेक्षा जाणकार मंडळी बोलणार आहेत. मी नोकरीची सगळी वर्षे गाड्यांच्या वजनाचा हिशोब मांडण्यात घालवली. त्या हिशोबातला एक कोपरा आज तुमच्यापुढे ठेवतो : पिकअपच्या हौद्यात बसवायचा कॅम्पर आणि तो पेलण्याची त्या पिकअपची कुवत.

कॅम्पर म्हणजे चाके नसलेले लहानसे घर. हौद्यात सरकवायचे, चार कोपऱ्यांना आवळायचे आणि निघायचे. ड्रायव्हरच्या केबिनवर पलंग, मागे शेगडी, सिंक, फ्रिज, कधी न्हाणीघरही. निवृत्तीनंतर यलोस्टोनला, युटातल्या लाल कड्यांकडे असे घर घेऊन जाण्याची हौस आपल्या मंडळींतही वाढली आहे, आणि मला तिचे कौतुक आहे. शोरूममध्ये मात्र त्यांना पहिल्यांदा सांगितले जाते ते गाडी किती ओढते. बारा हजार पौंड, पंधरा हजार पौंड. ट्रेलर ओढताना त्याचे बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असते. कॅम्परला चाकेच नाहीत. त्याचा पौंडन्‌पौंड पिकअपच्या स्प्रिंगांवर, अ‍ॅक्सलवर आणि टायरांवर येतो. ओढण्याच्या आकड्याचा इथे काही उपयोग नाही.

कामाचा आकडा ड्रायव्हरचे दार उघडल्यावर चौकटीवर दिसतो. एकूण वजनाची मर्यादा दहा हजार पौंडांपर्यंत असलेल्या गाड्यांवर तिथे पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा स्टिकर असतो. माणसे आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त भरू नका, असे त्यावर लिहिलेले असते. त्या माणसांत ड्रायव्हरही धरलेला आहे. शेजारच्या दुसऱ्या पट्टीवर भरलेल्या गाडीची एकूण मर्यादा आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलची स्वतंत्र मर्यादा. माहितीपत्रकातला आकडा हा त्या मॉडेलच्या सर्वांत हलक्या गाडीचा असू शकतो. दारावरचा आकडा तुमच्यासमोर उभ्या असलेल्या गाडीचा असतो. एकाच आवारात एकाच रंगाच्या, एकाच नावाच्या दोन गाड्यांत काही शे पौंडांचा फरक पडतो. चार दारांची केबिन, चारही चाकांना ताकद, काचेचे छप्पर, गरम होणाऱ्या सीटा, सगळे त्याच खात्यातून वजा होते.

डिझेलचे उदाहरण तर फार बोलके आहे. दहा हजार पौंडांच्या वर गेली की गाडी वरच्या वर्गात मोजली जाते, म्हणून कित्येक पाऊण टनी पिकअपची एकूण मर्यादा नेमकी दहा हजारांवर ठेवलेली असते. डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा काही शे पौंडांनी जड. मर्यादा तीच, गाडी जड, म्हणजे उरणारी जागा कमी. जास्त पैसे मोजून जास्त ताकदीची गाडी घेतली आणि तिच्यावर ठेवता येणारे वजन घटले, हे ग्राहकाला कोणी समजावून सांगत नाही. अर्धा टन, पाऊण टन, एक टन ही नावे जुन्या काळापासून चालत आली. आजच्या गाडीच्या खऱ्या क्षमतेशी त्यांचे नाते उरलेले नाही. महाराष्ट्रात मालवाहू पिकअप घेणारा माणूस आधी ‘पासिंग किती?’ असे विचारतो, आणि बोलेरो पिकअपच्या तर नावातच १.७ टन असे येते. तो प्रश्न इथल्या शोरूममध्ये विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

आता हिशोब मांडू. माहितीपत्रकात २,४०० पौंड लिहिलेला, ‘पाऊण टनी गाडीसाठी’ म्हणून दाखवलेला एक कॅम्पर समजा. हे कोरडे वजन. टाक्या रिकाम्या, जादा सोयी नाहीत. वातानुकूलन, बाहेरचा ताडपत्रीचा मांडव, सौरपत्रे, दुसरी बॅटरी यांचे ३०० धरू. चाळीस गॅलन पाणी. गॅलनला ८.३४ पौंड म्हणजे ३३४. वीस पौंडी गॅसच्या दोन टाक्या. वीस हे आतल्या गॅसचे वजन, टाकी धरून एकेक सदतीस-अडतीसच्या घरात जाते, दोन्हींचे ७५. आवळायचे सामान आणि हौद्याला लावलेले कंस १००. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कपडे, खुर्च्या, हत्यारे, आठवड्याचा शिधा यांना ४०० पौंड लागतात. बेरीज ३,६०९. दोन माणसांचे ३२० मिळवा : ३,९२९ पौंड, किलोत १,७८०च्या आसपास. दारावर २,५०० लिहिलेल्या डिझेल गाडीवर हे घर चौदाशे पौंडांनी जादा झाले. ३,५०० लिहिलेल्या पेट्रोल गाडीवरही ते बसत नाही. पाण्याचा हिशोब लोक विसरतात आणि मग टाकी रिकामी ठेवून निघू म्हणतात. पण वाळवंटात मुक्काम करायचा तर पाणी घेऊनच जावे लागते.

एकूण वजन मर्यादेत बसले तरी काम संपत नाही. ते वजन कुठे बसले, हे बघावे लागते. मागे जास्त माल भरला की बैलगाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे भार गेला की नेमके हेच पुढच्या चाकांचे होते. दोन अ‍ॅक्सलमधले अंतर १६० इंच आणि कॅम्परचे वजन ३,६०० पौंड घ्या. त्याचा गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे आठ इंच पडला, तर १८० पौंड पुढच्या चाकांवर जातात आणि मागे ३,४२० येतात. तोच मध्य आठ इंच मागे पडला, तर पुढच्या चाकांवरचे १८० पौंड उचलले जातात आणि मागच्या अ‍ॅक्सलवर ३,७८० बसतात. रिकाम्या गाडीचे मागचे वजन २,९०० धरा. पहिल्या मांडणीत मागे एकूण ६,३२०, दुसरीत ६,६८०. सतरा इंची रिमवरचा २६५/७० मापाचा, ई श्रेणीचा टायर ८० पौंड हवेवर ३,१९५ पौंड पेलतो. दोन टायर ६,३९०. म्हणजे तेच घर, तीच गाडी, आणि सोळा इंचांच्या फरकाने टायर मर्यादेबाहेर गेले. आठ फुटी हौद्यासाठी केलेला कॅम्पर साडेसहा फुटी हौद्यात टाकून मागचा फाळका काढून ठेवणारे लोक हेच करत असतात.

अशा गाडीचे पुढे काय होते, ते आपण जाणतो. जादा भाराचा टायर लवतो, लवला की तापतो, आणि अ‍ॅरिझोनाच्या उन्हाळ्यात त्याला थंड व्हायला वाव नसतो. कोलोरॅडोत आय-सेव्हंटीवर आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. तिथून सिल्व्हरथॉर्नकडे सात टक्क्यांचा उतार लागतो. तिथे ब्रेकना चौदाशे पौंड जादा आवरायचे असतात आणि वळणावर हलकी झालेली पुढची चाके स्टिअरिंगला नीट साथ देत नाहीत. वायोमिंगच्या वाऱ्यात उंच कॅम्पर डोलतो तो वेगळा.

यावर बाजारात एक उपाय सर्रास विकला जातो. मागे हवेच्या पिशव्या बसवा, एखादा पाटा वाढवा. गाडी मागून बसलेली असते ती सरळ उभी राहते, डोलणे कमी होते, हे खरे. पण अ‍ॅक्सल तोच, बेअरिंग तेच, टायर तेच, ब्रेक तेच. दारावरचा आकडा त्याने एका पौंडानेही वाढत नाही. पाटे वाढवून जादा माल भरणाऱ्या आपल्याकडच्या टेम्पोंचे टायर आणि अ‍ॅक्सल रस्त्यावर कसे जातात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी तरी उभी दिसणारी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी असे मानू नये.

कायदा याबाबत मुका नाही. १९७०च्या दशकापासून अमेरिकेत संघीय नियम आहे. हौद्यात बसणाऱ्या कॅम्परवर त्याचे कमाल वजन किती पाणी, किती गॅस आणि केवढा फ्रिज धरून आहे, ते लिहावे लागते. कॅम्पर पेलू शकणाऱ्या पिकअपच्या उत्पादकाला सामानाची क्षमता आणि गुरुत्वमध्य कुठून कुठपर्यंत चालेल याची आकृती द्यावी लागते. पण ती क्षमता काढताना प्रत्येक जागेवर दीडशे पौंडांचा माणूस धरलेला असतो, आणि हे कागद ग्राहकाच्या हाती पडतात तेव्हा बहुधा पैसे भरून झालेले असतात. मला ही गोष्ट मनापासून खटकते. वजन मोजणे आपला धंदा आहे. जे आपण तोळामासा मोजून ठेवतो, ते ज्याच्या जिवावर बेतणार त्याला वेळेत का मिळू नये?

म्हणून आज दुपारच्या सत्रात एक ठराव येणार आहे. कॅम्पर ज्या जादा सोयींसह विकला जातो, त्या सगळ्या बसवून, टाक्या भरून, प्रत्यक्ष काट्यावर चढवून आलेली पावती ग्राहकाला इसार देण्याआधी मिळावी, गुरुत्वमध्याच्या जागेसह. आणि विक्रेत्याने ग्राहकाच्या स्वतःच्या गाडीच्या दारावरचा आकडा त्या पावतीशेजारी लिहून द्यावा. तोवर आपल्या हाती आहे ते करू. हमरस्त्यांवरच्या ट्रक थांब्यांवर कॅट कंपनीचे काटे आहेत. १९७७ सालापासून हा व्यवसाय चालू आहे. थोड्या पैशांत पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि एकूण, असे तिन्ही आकडे छापून मिळतात. आधी रिकामी गाडी, पूर्ण इंधन भरून आणि नेहमीची माणसे बसवून चढवा. मग प्रवासाला निघताना असतो तसा भरलेला कॅम्पर घेऊन पुन्हा. दोन्ही पावत्या दाराच्या पट्टीशी ताडून पाहा, आणि मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा टायरवर कोरलेल्या भाराशीही.

ठरावातल्या गुरुत्वमध्याच्या कलमावर मतभेद आहेत, हे मला ठाऊक आहे. जादा सोयी बदलल्या की तो बिंदू सरकतो आणि दरवेळी मोजणे लहान कारखान्यांना परवडत नाही, असे आपल्यातल्याच काहींचे म्हणणे आहे. माझ्या मते चार कोपऱ्यांखाली चार काटे ठेवले की तो बिंदू काही मिनिटांत काढता येतो, आणि लहान कारखान्यालाही ते जड जाऊ नये. ज्यांचे मत वेगळे आहे, त्यांनी दुपारी ते आकड्यांसह मांडावे. त्या कलमाला पुरेसा वेळ राखून ठेवण्याची सूचना मी कार्यवाहांना केली आहे.