बंगळूरची हवा
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुटीत गावी गेलो की आपणांस एक प्रश्न हमखास विचारला जातो : "मग, परत कधी येणार?" आणि आपले उत्तरही ठरलेले असते : "छे हो, बंगळूरची हवा सोडून कोण येतो!" इतकी वर्षे आपण हे उत्तर देत आलो. आज ते एकदा तपासून पाहावे, असे आमच्या मनात आहे.

या हवेची कीर्ती खोटी नव्हे. नकाशा उघडून पाहिला तर बंगळूर आणि चेन्नई ही दोन्ही शहरे तेराव्या अक्षांशाच्या आसपास, जवळजवळ एकाच रेषेवर आहेत. तिकडे मे महिन्यात जीव नकोसा होतो आणि इकडे संध्याकाळी फिरावयास निघता येते. ही किमया उंचीची. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटरवर राहतो आणि हजार मीटर चढले की तापमान साधारण सहा अंशांनी उतरते. पुणे ५६० मीटरवरच थांबले! त्यात एप्रिल-मे महिन्यांत वळीव येऊन दुपारचा ताप धुऊन काढतो. पुण्याप्रमाणेच या शहरालाही पेन्शनरांचे नंदनवन म्हणत, ते उगाच नव्हे.

परंतु या हवेसाठी म्हणून येथे आले कोण? १६३८ मध्ये बंगळूर विजापूरकरांच्या ताब्यात आले आणि शहाजीराजांना जहागिरीत मिळाले. राजे येथे राहिले ते दरबाराने दक्षिणेत धाडले म्हणून. मराठी माणसाचे या गावातील वास्तव्य बदलीच्या हुकुमाने सुरू झाले असे म्हटले, तर आपल्यातील बँकवाल्या मंडळींनी रागावू नये. हवा पाहून मुक्काम ठरविण्याची चैन परवडली ती इंग्रजांना. श्रीरंगपट्टणात तापाने पलटणी खंगू लागल्या, तेव्हा १८०९ मध्ये त्यांनी आपली छावणी येथे हलविली.

आपली कथा निराळी आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये विमानांचा कारखाना येथे काढला, त्यामागे म्हैसूर संस्थानाने दिलेली जमीन व भांडवल होते. शिवसमुद्रमच्या धबधब्यापासून निर्माण झालेली वीज तर शहरात १९०५ सालीच पोहोचली होती. स्वातंत्र्यानंतर टेलिफोनचा, यंत्रांचा, इलेक्ट्रॉनिक्सचा असे सरकारी कारखाने एकामागून एक उभे राहिले आणि मिरज-कोल्हापूर-बेळगावच्या गाड्यांतून आपली माणसे उतरू लागली. त्यांच्या नेमणूकपत्रात पगार होता, भत्ता होता, नशीब असेल तर क्वार्टर्सही होते. हवेचा उल्लेख कोठेही नव्हता.

तेव्हा आम्हांस असे वाटते की, हवा माणसाला आणीत नाही. आणण्याचे काम पोट करते. हवा त्याला जाऊ देत नाही, इतकेच. आपल्या घरांतील गृहिणींनी पहिल्या डिसेंबरात विरजण लागेना म्हणून दह्याचे पातेले शालीत गुंडाळून ठेवले, जूनमध्ये छत्री काढून ठेवली तर खरा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात आला. हळूहळू अंगाला सवय झाली. मुलांच्या तोंडी कन्नड आले, निवृत्ती आली, आणि गावच्या वाड्यातील आपला वाटा भावाला देऊन टाकताना सांगण्यास एक सोयीचे कारण हाती होते. "मुले इकडची झाली" हे म्हणणे जड जाते. "हवा मानवली" हे म्हणणे सोपे.

आता मात्र त्या सोयीच्या कारणाचीच पंचाईत झाली आहे. २४ एप्रिल २०१६ रोजी येथे ३९.२ अंश तापमान नोंदले गेले. २०२४ च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या आणि टँकरसाठी आपण गॅलरीत ताटकळत उभे राहिलो. या गावाला नदी नाही. जुन्या लोकांनी तळी खोदून ते वसविले. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज बसस्थानक आहे, संपंगी तळ्याच्या जागी क्रीडांगण. पुढे अर्कावतीचे पाणी आणले, तेही अपुरे पडले. १९७४ पासून कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून आणि जवळजवळ पाचशे मीटर वर चढवून आणले जाते. सकाळी घागर भरताना हा चढ आपल्या ध्यानी येत नाही. तळी गेली, झाडे गेली, त्यांच्या जागी सिमेंट आले. ते दिवसभर ऊन पिते आणि रात्री ओकते. त्या इमारतींत राहावयास कोण गेले, हे आपण एकमेकांना विचारू नये हे बरे.

मग परत जावे काय? आमच्या परिचयातील काही मंडळींनी सांगलीस घरे घेतली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तेथे तळमजले पाण्याखाली गेले. त्या आठवड्यात येथून फोनवर फोन चालले होते. त्यानंतर "परत कधी येणार" हा प्रश्न तिकडूनही थोडा हळू आवाजात येऊ लागला आहे.

हे सारे आज बोलण्यास एक निमित्त आहे. मंडळाचे सभागृह बांधले तेव्हा छताला पंख्याचे आकडेसुद्धा ठेवले नव्हते. गरजच काय, असे तेव्हाच्या कार्यकारिणीस वाटले. पंखे नंतर आले. आता सुवर्णमहोत्सवी निधीतून सभागृह वातानुकूलित करावे अशी सूचना पुढे आली आहे. वृद्ध सभासदांची अडचण आम्ही जाणतो, आम्हीही त्यांतलेच. तथापि आमची उपसूचना अशी की, त्याच निधीतून प्रथम गच्चीवरील पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्याची सोय करावी. मोठ्या इमारतींस २००९ पासून ती कायद्याने बंधनकारक आहे आणि आपली केवळ कागदावर आहे. त्याबरोबर पश्चिमेच्या भिंतीलगत चार होंगे लावावेत. होंगे म्हणजे आपला करंज. तो दाट सावली देतो आणि पाणी फारसे मागत नाही. उरलेल्या पैशांत यंत्र बसले तर आमची हरकत नाही.

चिटणीसांनी हा विषय पुढील सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा, ही विनंती. सभा एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता याच सभागृहात आहे.