खेळी तुमची, आजोबा!

(बाजारकुणंग येथे गणेशोत्सवात केलेले भाषण)



आज मी संगणकावरच्या युद्धखेळांची बाजू मांडायला उभा आहे. मुले खूश झाली, आजोबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. दोघांनीही जरा ऐकून घ्यावे.

आपल्या जोयड्याच्या रानात वाघ खरा आहे. वाघ-बकरीचा डावही जुनाच. दक्षिणेत तो बहुधा ३ वाघ आणि १५ बकऱ्यांचा असतो. वाघ उडी मारून बकरी खातो. बकऱ्या एकजुटीने त्याची वाट अडवतात. हाही युद्धखेळच, आळीपाळीने खेळायचा.

संगणकावरही असे खेळ आहेत. गोळीबाराच्या खेळात बोटे चपळ लागतात, तिथे आपला निभाव लागत नाही. पण आळीपाळीच्या खेळात संगणक तुमच्यासाठी थांबतो. चहा पिऊन या, मग चाल करा!

'बॅटल फॉर वेसनॉथ' हा २००३ पासूनचा खेळ फुकट मिळतो, साध्या संगणकावर चालतो. एकदा उतरवून घेतला की नेटवर्क नसले तरी अडत नाही. षटकोनी घरांचा पट. डोंगरावरच्या सैनिकाला आडोसा, गाव ताब्यात आले की सोने. कोणी दिवसा बळकट, कोणी रात्री. एकाच संगणकावर दोघे आलटून पालटून खेळू शकतात.

२००९ च्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये तर मराठ्यांच्या बाजूने खेळता येते. लढाई धावती असली, तरी नकाशावरचा कारभार आळीपाळीचा: कर किती, फौजेचा खर्च किती. नातू तिथे अडला की त्याला १७६१ चे पानिपत सांगा. लढाईआधीच छावणीत उपासमार होती. पडद्यावरचा डाव पुन्हा मांडता येतो, तो मांडता आला नाही.

माझा खरा मुद्दा पुढेच आहे. आपल्या घरांत मराठी टिकली ती बोलण्यामुळे. आज आजोबा एका खोलीत, नातू दुसऱ्या खोलीत. मग बोलणार कोण? खेळ इंग्रजीत असेना, शेजारी बसून "ही चाल का केलीस?" एवढे विचारा. उत्तर मराठीत येईल, वादही मराठीतच होईल.

मंडळाकडे कॅरम आहे, बुद्धिबळ आहे. एका कोपऱ्यात एक जुना संगणकही असू द्या. वेळ ठरवून द्या, तासभर पुरे. नियम एकच: एक खेळाडू लहान, दुसरा साठीच्या पुढचा.

गणपती बाप्पा मोरया!