किन्हवलीचा विद्यार्थी आणि विद्यापीठ

श्रोत्यांपैकीं अनेकांच्या घरीं मुंबई विद्यापीठाची पदवी चौकटींत टांगलेली असेल. हें विद्यापीठ १८५७ सालीं लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर निघालें. परीक्षा घ्यावी व पदवी द्यावी, एवढेंच आरंभीं त्याचें काम. सरकारला कारभारासाठीं सुशिक्षित माणसें हवीं होतीं. तीं विद्यापीठानें पुरविलीं. पुढें गिरण्यांना रंगरसायनांचे जाणकार हवे झाले, तेव्हां १९३३ सालीं याच विद्यापीठानें रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. तेव्हां राज्यकर्त्यांच्या आणि कारखानदारांच्या हांकेला ओ देणें विद्यापीठाला नवें नाहीं. आतां ती हांक खेड्यांतल्या विद्यार्थ्यापर्यंत पोंचली आहे, इतकाच फरक. पण तो लहान नव्हे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून महाराष्ट्रानें जो आराखडा केला, त्यांत प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणाला चार श्रेयांक आहेत. कल्पना उत्तम, पुस्तकी विद्येला हाताची जोड कोणाला नको आहे? परंतु ती शहरांत बसून केलेली दिसते. दादरच्या विद्यार्थ्याला कचेऱ्या दाराशीं आहेत. शहापूर तालुक्यांतील किन्हवलीच्या मुलानें काय करावें? भोंवतीं भातशेती, कारखाने पाहावयाचे तर मुरबाडकडे, नाहींतर आसनगांवकडे जावयाचें. बसचें भाडें, तिची वेळ, आणि मुलगी असल्यास तिन्हीसांजेला घरच्यांच्या जिवाची घालमेल, यांना श्रेयांक नाहींत. मग ओळखीच्या दुकानदाराचें प्रमाणपत्र आणण्याचा मोह झाला, तर दोष एकट्या विद्यार्थ्याच्या माथीं कसा मारावा?

इकडे जगाचें दारही उघडलें आहे. परदेशी विद्यापीठांना भारतांत शाखा काढण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२३ सालीं दिली. तीं येवोत; त्यांच्या फीचा आंकडा किन्हवलींतलीं किती घरें पेलतील, हें सांगावयास नको.

किन्हवलीस शिकण्याजोगें काम नाहीं, असें मात्र नाहीं. तानसा आणि भातसा हे जलाशय याच शहापूर तालुक्यांत आहेत. त्यांचें पाणी मुंबईची तहान भागवितें, आणि तालुक्यांतले पाडे उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात! विहिरींची पातळी दर आठवड्यास मोजावी, ग्रामपंचायतीच्या पाणीखर्चाचा हिशेब मांडावा, भाताच्या गिरणीचा जमाखर्च लिहावा; विज्ञान व वाणिज्य या दोन्ही शाखांना यांत भरपूर अभ्यास आहे. अशा कामाला कारखान्यांतील कामाइतकेंच मोल देऊन देखरेखीस एक अध्यापक नेमला, तर चार श्रेयांकांसाठीं किन्हवलीच्या मुलीला आसनगांवची बस धरावी लागणार नाहीं.