खाटेपाशी कोणीतरी आलं पाहिजे
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि "तुझ्या कामाबद्दल बोल" असं सांगितलंय. मी परिचारिका आहे. सुरुवातीची वर्षं दवाखान्यात गेली, आता बरीच वर्षं वृद्धाश्रमात काम करते. सकाळपासून इथं छड्यांच्या, डब्यांच्या, गॅदरिंगच्या आठवणी चालल्यात. त्यात हा विषय काढायचा म्हणजे थोडा संकोच वाटतो. पण आपण सगळे पन्नाशीला टेकलोत. मघाशी चहाच्या वेळी मुलांच्या ॲडमिशनइतकाच एक विषय माझ्या कानावर आला. आईला पुण्यात करमत नाही, वडील गावात एकटे आहेत, कामाला बाई ठेवली तर टिकत नाही. म्हणून बोलते.

२०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढचे लोक शंभरात जवळपास दहा होते. आपल्या भागात त्यात आणखी एक भर आहे. दिवाळी झाली की आपल्या तालुक्यातून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि कित्येक घरांत चार-पाच महिने म्हातारी माणसंच उरतात. शिकलेली पोरं कंपनीत, बाकीची फडात. वृद्धाश्रम ही शहरातली गोष्ट आहे, आपल्याकडे नाही, असं आता म्हणता येत नाही.

तरी आपल्याकडे हा शब्द खालच्या आवाजात उच्चारतात. "आई-बापाला टाकलं" असं लोक म्हणतील याची भीती असते. या लाजेचा खरा फटका कोणाला बसतो, ते मी रोज बघते. मुलगा आईला आणून सोडतो, गावात "बहिणीकडे आहे" असं सांगतो आणि मग भेटायला यायचं टाळतो, कारण कोणी पाहिलं तर? इतकी वर्षं काम केल्यावर एक गोष्ट मी खात्रीनं सांगते. ज्या खाटेपाशी घरचं माणूस येत राहतं, त्या खाटेची चादर वेळेवर बदलली जाते. कर्मचारी वाईट असतात असं नाही. एका मावशीकडे पंधरा-वीस माणसं असली की ज्याच्याबद्दल कोणी विचारतं, त्याच्याकडे तिचे पाय आधी वळतात. ठेवणं ही काही वेळा गरज असते. ठेवून विसरणं ही गरज नसते.

घरी ठेवलं म्हणजे सगळं नीट झालं, असंही नाही. डॉक्टर अतुल गावंडे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकेतले नावाजलेले सर्जन. त्यांचं मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळचं उटी. आपल्या 'बीइंग मॉर्टल' या २०१४ च्या पुस्तकात त्यांनी आजोबांबद्दल, सीताराम गावंडे यांच्याबद्दल लिहिलंय. आजोबा जवळजवळ एकशे दहा वर्षं जगले. रोज रात्री झोपण्याआधी घोड्यावरून सगळ्या शेताला फेरी मारायचा त्यांचा नेम होता. वय झालं, तोल जाऊ लागला, घरच्यांना काळजी वाटू लागली. पण त्यांनी फेरी बंद केली नाही. लहान चणीचं घोडं आणलं आणि सोबत एक माणूस दिला.

सेवेची गुणवत्ता म्हणतात ती मला या गोष्टीत दिसते. आपण काय करतो? "पडाल, बाहेर जाऊ नका." "तुम्हाला काय कळतंय, गप बसा." माणूस सुरक्षित राहतो, पण त्याच्या हातात काहीच उरत नाही. घरात असो की आश्रमात, त्याच्यासाठी लहान घोडं शोधायचं असतं.

आश्रमातही हे करता येतं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन या छोट्या गावात चेस मेमोरियल नावाचं नर्सिंग होम आहे. १९९१ मध्ये तिथं बिल थॉमस नावाचे तरुण डॉक्टर आले. औषधपाणी सगळं होतं, पण माणसं कोमेजलेली. त्यांनी तिथं दोन कुत्री, चार मांजरं आणि शंभर पक्षी आणले, खोल्याखोल्यांत झाडं ठेवली, मुलांचं येणं-जाणं सुरू केलं. ज्यांना बोलता येत नाही असं समजलं जायचं, त्यातले काही बोलू लागले. पुढं दोन वर्षं नोंदी ठेवल्या. शेजारच्या दुसऱ्या नर्सिंग होमशी तुलना केली, तर इथं माणशी लागणारी औषधं निम्म्यावर आली होती आणि मृत्यूंचं प्रमाण १५ टक्क्यांनी कमी होतं. आपल्याला शंभर पक्षी नकोत. कोणाला तुळशीला पाणी घालू द्या, कोणाला मेथी निवडू द्या, कोणाला गाईपुढं वैरण टाकू द्या.

आता रोजच्या साध्या गोष्टी. तुमचं कोणी आश्रमात असेल किंवा कोणासाठी आश्रम बघायला जाल, तर या तपासा. संध्याकाळचं जेवण किती वाजता देतात? स्वयंपाकीण लवकर जाते म्हणून बऱ्याच ठिकाणी सहालाच ताटं मांडतात. सकाळचा नाष्टा आठला. मध्ये चौदा तास. मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाची साखर पहाटे उतरू शकते. रात्री नऊला कपभर दूध नि दोन बिस्किटं दिली तरी हे टळतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलतात का? नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या महिनोन्‌महिने भरत नाहीत. न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, फरशी कोरडी असते का? रात्री किती माणसं कामावर असतात? चष्मा, कवळी, कानाचं यंत्र ज्याचं त्याच्याकडे आहे का? आणि हाक कशी मारतात? "ए म्हातारे" की नावानं, आजी म्हणून? ही हाक दारातूनच ऐकू येते. सांगून जाऊ नका, एखाद्या दिवशी अचानक जा.

कायदाही माहीत असू द्या. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यानं साठीपुढच्या माणसाला मुलांकडे निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढं चालतो. सांभाळण्याच्या अटीवर जमीन नावावर करून दिली आणि मग सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम असावा, अशीही त्यात तरतूद आहे. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. राज्याच्या वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्या गरजूंना चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात. २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड काढता येतं. अडतं कुठं? आधार कार्ड घरी राहिलेलं असतं आणि रांगेत सोबत उभं राहायला कोणी नसतं.

आपल्या ग्रुपवर उरलेल्या वर्गणीचं काय करायचं, ही चर्चा चालू आहे. बऱ्याच जणांनी ब्लँकेट वाटपाचं सुचवलंय. भावना चांगली आहे, पण हिवाळा आला की प्रत्येक मंडळ ब्लँकेटच देतं आणि आश्रमाची कपाटं भरलेली असतात. वाढदिवसाला केळी येतात, फोटो निघतो, गाडी निघून जाते. त्यापेक्षा माझं म्हणणं असं. जालना किंवा संभाजीनगरकडचा एक वृद्धाश्रम आपण निवडू. वर्गणीतून तिथल्या न्हाणीघरांत दांड्या आणि कमोड बसवू. वर्षातून एकदा डोळे आणि कान तपासून घेऊ. ज्यांना शक्य आहे त्यांनी कागदपत्रांची कामं अंगावर घ्यावीत. रात्रपाळीच्या मावशींचं प्रशिक्षण मी स्वतः घेईन. त्यांचा पगार तुटपुंजा असतो आणि काम कोणालाही नको असलेलं. निदान पाठ न मोडता माणूस कसा उचलायचा, एवढं तरी त्यांना कोणीतरी शिकवलं पाहिजे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दर महिन्याला आपल्यातल्या दोघांनी तिथं जायचं. भाषण नको, बॅनर नको. तासभर बसायचं, शेताच्या, पावसाच्या, कालव्याला पाणी सुटलं का याच्या गप्पा मारायच्या. वर्षाला चोवीस माणसं लागतील. इथं आज त्याहून जास्त बसलोय.

आपल्या गुरुजनांनाही एक विनंती आहे. त्यांनी आपल्याला गैरहजेरीची चिठ्ठी मागितली, ती सवय अजून सोडू नये. ज्याचा महिना चुकेल, त्याला फोन करून जाब विचारावा.

मागच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. जेवायला जाण्याआधी तिच्यात आपलं नाव आणि महिना लिहा. मे महिना माझा लिहिला आहे, कारण उन्हाळ्यात तिथं कोणी फिरकत नाही.